सोमवारी ऑफिस, रविवारी ट्रॅक: गाडीचं वजन कुठून काढायचं?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला. गाडी रोज मुंबईत चालते आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला किंवा कोइमतूरला शर्यतीच्या ट्रॅकवर जाते. ती हलकी करायची आहे, आणि गॅरेजवाल्यांनी नको ते सगळं सुचवलं आहे. म्हणून या अंकात फक्त वजनाबद्दलचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: माझी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोज ठाणे ते बीकेसी जाणं-येणं आणि वर्षातून दोन ट्रॅक डे. १०० किलो कमी करायचे आहेत. गॅरेजवाला म्हणतो की मागची सीट, कार्पेट, आवाज दाबणाऱ्या डांबरी पट्ट्या आणि एसी काढून टाकू. हे करावं का? — वाचक, ठाणे

उत्तर: आधी गाडी काट्यावर चढवा, मग पाना हातात घ्या. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे ट्रकसाठीचे वजनकाटे आहेत, छोटी गाडीही तिथे मोजून मिळते. प्रथम फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आकडा घ्या, मग पूर्ण गाडीचा. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचा भार कळतो. टाकीत पेट्रोल किती होतं आणि आत माणूस बसला होता की नाही, हे पावतीवरच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. ट्रकचे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात, त्यामुळे सुट्या वस्तू घरच्या काट्यावर मोजायच्या. वस्तू हातात धरून उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं.

तुमची गाडी मुळातच साडेआठशे ते पावणेनऊशे किलोची आहे. तिच्यातून १०० किलो कायमचे काढायचे तर रोजच्या वापराची गाडी उरणार नाही. पण ट्रॅकपुरते साठ-सत्तर किलो निघतात, आणि तेही अशा वस्तूंतून ज्या तासाभरात परत बसतात. आमच्या मते दोन कामांच्या गाडीला हीच एक कसोटी लावावी: रविवारी संध्याकाळी परत बसत नसेल ते शनिवारी काढू नका.

हिशेब साधारण असा. स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून १६-१७ किलो. मागची सीट पाठीसकट वीसच्या आसपास. तिची बसायची गादी पुढच्या कडेला क्लिपवर अडकलेली असते, ती दोन्ही हातांनी सरळ वर ओढायची. पाठ बोल्टवर असते. बोल्ट काढल्यावर लगेच त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवा, म्हणजे हरवत नाहीत आणि भोकात माती जात नाही. सीटबेल्टची बकलं मोकळी राहतात, ती टेपने बांधून टाका. डिकीवरचा ट्रे आणि जाड मॅट मिळून पाच-सहा किलो होतात. ड्रायव्हरखालची मॅट तर वजनासाठी नाहीच, सरकून पेडलखाली जाते म्हणून ट्रॅकवर काढायलाच हवी. उरलं डिकीतलं सामान. ओलं झालेलं कव्हर, पाण्याचे कॅन, दोन छत्र्या, गेल्या दिवाळीत कुणाला तरी द्यायचा राहिलेला फराळाचा डबा. हे दहा किलोंच्या खाली क्वचितच भरतं. कुणाच्या डिकीत सबवूफरची लाकडी पेटी असेल तर तीच पंधरा-वीस किलो.

पेट्रोलकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जवळपास भरतं. ३७ लिटरची टाकी भरलेली असली तर साडेसत्तावीस किलो, अर्धी असली तर चौदा. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या एका सत्राला छोटी हॅचबॅक पाच-सहा लिटर पिते, म्हणून पूर्ण टाकी घेऊन उतरण्यात अर्थ नाही. मात्र पाव टाकीच्या खालीही जाऊ नका. लांब वळणात पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं, पंपाला हवा मिळते आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन अडखळतं. हे पंपालाही चांगलं नाही. अर्ध्या टाकीने सुरुवात करा आणि पाव टाकीला थांबून भरा.

आता गॅरेजवाल्याच्या यादीकडे. एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या आणि आतलं कूलिंग कॉइल मिळून पंधराएक किलो निघतात. पण जुलैत पूर्व द्रुतगती मार्गावर काच आतून धुरकट झाली की ती साफ करायला तुमच्याकडे दुसरं काहीही नसतं. एसी हवेतली ओल काढतो म्हणून काच लगेच मोकळी होते. नुसत्या पंख्याने मुंबईच्या पावसात तसं होत नाही. ट्रॅकवर एसीचं बटण बंद ठेवलं की पुरे.

डांबरी पट्ट्या काढण्याची पद्धत सगळीकडे सारखीच आहे. कोरडा बर्फ पसरायचा, उणे ७८ अंशांना पट्टी कडक होते, मग हातोडीने ठोकली की तुकडे पडतात. पण स्विफ्टमध्ये मुळात त्या आहेतच किती? पाच किलो मिळाले तर पुष्कळ. त्या बदल्यात फ्लोअर तापतो, आवाज वाढतो, आणि पट्टी निघताना रंग ओरखडला की खारट हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो. कार्पेटचंही तसंच आहे. त्याखाली वायरींचे जुडगे असतात, ओल्या बुटांचं पाणी थेट त्यावर जातं. मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचं कंट्रोल युनिट असतं, त्याच्या जोडण्यांना तर हातच लावायचा नाही.

आणि स्टेपनी ट्रॅकपुरतीच काढा, शहरात परत ठेवा. २०२० सालच्या नियमानुसार स्टेपनीशिवाय चालायची मुभा टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दोन्ही असलेल्या गाड्यांना आहे. शिवाय आपल्या खड्ड्यांत टायर बाजूच्या भिंतीला फाटतो, आणि तिथे किटमधली चिकट दोरी काही कामाची नसते.

प्रश्न: चाकाचं एक किलो म्हणजे बॉडीचे दहा किलो, असं ऐकलं. मग सगळे पैसे हलक्या मॅग व्हीलमध्येच घालावेत का? — वाचक, मुलुंड

उत्तर: दहा किलोंचं गणित कुठून आलं कोण जाणे, पण ते कुठल्याही पदार्थविज्ञानात बसत नाही. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून वेग पकडताना त्याचं वजन जास्त मोजलं जातं हे खरं. पण सगळं वजन अगदी बाहेरच्या कडेला असलं तरी ते फार तर दुप्पट मोजलं जातं, त्याहून जास्त नाही. १८५/६५ आर१५ टायरची बाहेरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर आहे, आणि रिमचं बहुतेक वजन १९ सेंटिमीटरच्या आत. म्हणून रिममधलं एक किलो जेमतेम १.३ ते १.४ किलोइतकं मोजलं जातं. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा मात्र जवळपास १.९.

म्हणजे हलकी रिम घेऊन तिच्यावर जड, रुंद टायर चढवला तर कमावलेलं सगळं परत जातं. १७ इंची रिम लावून गाडी 'मोकळी पळते' म्हणणाऱ्यांनी दोन्ही चाकं एकदा काट्यावर ठेवून पाहावीत.

कंपनीची १५ इंची मॅग व्हील साडेसात-आठ किलोची असते, चांगली फ्लो-फॉर्म्ड (फिरवत दाबून कड पातळ केलेली) साडेपाच-सहाची. चार चाकांत सहा ते आठ किलो वाचतात. खरा फायदा वेगापेक्षा रस्त्याच्या उंचसखलपणात जाणवतो, कारण शॉकअपला खालचं हलकं चाक सांभाळणं सोपं जातं आणि टायर जमिनीला धरून राहतो.

घेताना तीन गोष्टी पाहा. स्विफ्टला ४ बाय १०० ची बोल्टची मांडणी (चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) आणि ५४.१ मिलिमीटरचं मधलं भोक लागतं. पोलोला ५ बाय १०० आणि ५७.१. रिमचं भोक मोठं असेल तर मधली रिंग हवीच, नाहीतर रिम नटांवरच टांगली जाते आणि ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. दुसरं, नटाचं बूड. जपानी गाड्यांचे नट शंकूच्या आकाराचे असतात, पोलोच्या बोल्टचं बूड गोल. चुकीचा बसवला तर कडेकडेनेच टेकतो आणि गरम होऊन ढिला पडतो. तिसरं म्हणजे रिमच्या मागच्या बाजूला कोरलेली भारक्षमता. नामवंत डिझाइनची स्वस्त नक्कल बऱ्याचदा कंपनीच्या रिमपेक्षा जड भरते, आणि हलकी असली तर आणखी वाईट, कारण पहिल्या मोठ्या खड्ड्यात कड वाकते.

आमचा सल्ला: कंपनीची चाकं शहरासाठी ठेवा, हलक्या रिमवर ट्रॅकचे टायर चढवून वेगळा संच करा. चेन्नईपर्यंतच्या तेराशेहून अधिक किलोमीटरला तो मागची सीट पाडून तिथे नेता येतो. चारही चाकं पट्ट्याने घट्ट बांधा. अचानक ब्रेक लागला की चौदा किलोचं चाक पुढच्या सीटच्या पाठीत येतं.

प्रश्न: गाडीला कंपनीचं सीएनजी आहे. ट्रॅकपुरता सिलिंडर काढला तर? — वाचक, बोरिवली

उत्तर: नको. वजनाच्या हिशेबाने मोह पडणं साहजिक आहे. ६० लिटरचा स्टीलचा सिलिंडर साठेक किलोचा असतो, आणि ब्रॅकेट, नळ्या, रेग्युलेटर धरून सीएनजी गाडी तिच्या पेट्रोल बहिणीपेक्षा नव्वदच्या आसपास किलोंनी जड असते. पण त्या नळीत २०० बार दाब असतो. दर तीन वर्षांनी ज्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, ती वस्तू सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलायची नसते. आरसी बुकवर इंधन म्हणून पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं असतं. कायमचं काढायचं तर आरटीओत आणि विमा पॉलिसीतही नोंद बदलावी लागते. सिलिंडर रिकामा करून जावं म्हटलं तर गॅसचं वजन आठ-नऊ किलोच.

आणखी एक. सीएनजी गाडीच्या मागच्या स्प्रिंग हा भार धरून कडक केलेल्या असतात. भार गेला की मागचा भाग वर उचलला जातो आणि उडतो. ट्रॅकवर जायचंच असेल तर सीएनजी गाडी घेतील का, हे आयोजकांना नाव नोंदवण्याआधी लेखी विचारा.

प्रश्न: पुढच्या सीटच्या जागी फायबरची बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस लावायचा आहे. वजनही कमी होईल आणि सुरक्षितही. बरोबर ना? — वाचक, अंधेरी

उत्तर: वजनाचं बरोबर, सुरक्षिततेचं उलट. कंपनीची सीट पंधरा ते अठरा किलोंची, फायबरची बकेट सहा-सात, पण तिची पट्टी आणि रेल आणखी तीन-चार किलो घेतात. हातात येतात सहा-सात किलो.

आता हार्नेसकडे या. साधा बेल्ट एकाच खांद्यावर असतो. गाडी उलटून छत खाली आलं तर शरीर बाजूला झुकू शकतं. चार पट्ट्यांचा हार्नेस दोन्ही खांदे सरळ बांधून ठेवतो. डोक्यावर रोल केज (छताखालचा नळ्यांचा पिंजरा) नसेल तर छत थेट मानेवर येतं. शिवाय खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर सरकतो आणि समोरच्या धडकेत हाडाऐवजी पोटात रुततो. ते थांबवायला मांड्यांमधून जाणारे पट्टे लागतात, म्हणून खऱ्या शर्यतीच्या गाडीत सहा पट्टे, केज आणि मानेचं संरक्षण हे सगळं एकत्र असतं. त्यातलं एकच उचलून आणायचं नाही. केज घातला तर शहरात हेल्मेटविना डोकं त्याच्या नळीवर आपटेल, तो वेगळाच प्रश्न.

तुमच्या गाडीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर सीट काढली की डॅशवर दिवा लागतो. काही जण तिथे रेझिस्टर लावून दिवा विझवतात. दिवा विझतो, एअरबॅग मात्र गेलेलीच असते.

वळणात शरीर हलू नये एवढंच हवं असेल तर एक फुकटचा उपाय आहे. सीट एक-दोन खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याजवळ झटका देऊन तो लॉक करा आणि ताण न सोडता सीट पुढे आणा. कमरेला बेल्ट घट्ट बसतो. सीट खाचेत 'खट्' करून बसली का, हे मागे-पुढे ढकलून पाहा.

प्रश्न: मागची सीट, स्टेपनी आणि ट्रे काढून पन्नासेक किलो कमी केले. आता ट्रॅकवर जोरात ब्रेक लावला की मागचा भाग डोलतो, आणि एका वाचकमित्राच्या मते हेडलाइटचा झोतही खाली पडतो. काय बिघडलं? — वाचक, खारघर

उत्तर: बिघडलं काही नाही, वजन एकाच बाजूने गेलं. समजा गाडी ९०० किलोची होती, पुढे ५५८ आणि मागे ३४२, म्हणजे पुढे ६२ टक्के. पन्नास किलो जवळपास सगळे मागून गेले. आता ५५८ आणि २९२, पुढे साडेपासष्ट टक्के. ब्रेक लावला की उरलेल्यातलंही बरंच पुढे सरकतं आणि मागची चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली राहतात. अशा वेळी वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर पडतो. गाडी हलकी झाली म्हणून ती सोपी झाली असं नाही.

सरळ रेषेत ब्रेक पूर्ण करा, मग वळा. मागच्या टायरची हवा दोन पीएसआय कमी करून पाहा, एका वेळी एकच बदल. हवा गरम टायरवर मोजायची. टायरचं तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआय वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये ३० भरलेले तीन-चार फेऱ्यांनंतर ३५-३६ होतात आणि टायर मधोमध फुगून पकड जाते. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) शिरल्या शिरल्या गेज लावा, पाच मिनिटांनी लावलेला आकडा उपयोगाचा नाही.

मागची उंची एक-दीड सेंटिमीटर वाढते, त्यामुळे हेडलाइट खाली झुकतात. डॅशवर उंची बदलायचं चक्र असेल तर ते शून्यावर आणा. रात्री परतताना हे विसरू नका.

आणि पत्रात विचारलं नाहीत तरी सांगतो: ब्रेक ऑइल कधी बदललं? ते हवेतली ओल पितं, आणि मुंबईत ओलीची कमी नाही. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर १४० ला. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट फ्लोअरला जातं. पन्नास किलो काढून ब्रेकचं काम पाच-सहा टक्क्यांनी हलकं होतं. जुनं ऑइल बदलून त्याच्या कितीतरी पट जास्त सुरक्षितता मिळते. नुसतं डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकोनचं असतं आणि इतरांत मिसळत नाही.

प्रश्न: पोलोला फायबरचं बोनेट आणि बाजूच्या काचांऐवजी पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक). आरटीओ काही म्हणेल का? — वाचक, चेंबूर

उत्तर: म्हणू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठं दुखणं विम्याचं. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला की दाव्याची ओढाताण सुरू होते.

तांत्रिक बाजू अशी. स्टीलच्या बोनेटला घड्या पडायच्या जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात, धडकेत ते मधोमध दुमडतं. स्वस्त फायबर फुटतं आणि तुकडे काचेकडे येतात. लॉकची जागा कच्ची असेल तर शंभरच्या पुढे हवा आत शिरून बोनेट उचकटतं, म्हणून दोन्ही कोपऱ्यांना पिना लागतात. आणि कार्बनचा नुसता एक थर वर दाखवून खाली जाड फायबर भरलेली बोनेटं बाजारात आहेत, ती मूळ बोनेटच्या जवळपास वजनाची भरतात. पैसे द्यायच्या आधी वजन करा. पॉलिकार्बोनेटवर मुंबईच्या धुळीत एका महिन्यात इतके ओरखडे येतात की रात्री बाजूचा आरसा दिसत नाही. दोन्ही सोडा.

प्रश्न: लिथियम बॅटरी घेऊ का? — वाचक, दादर

उत्तर: ३५ अँपिअर-तासाची साधी बॅटरी नऊ-दहा किलोंची, लिथियम आयर्न फॉस्फेटची तीन-साडेतीन. वाचलेले सहा किलो पुढच्या चाकांसमोर, उंचावरचे असतात, म्हणजे जागा उत्तम. पण डब्यावरचा '३५ च्या बरोबरीची' हा शब्दप्रयोग वाचा. बऱ्याचदा आत १२ अँपिअर-तासच असतात, बरोबरी फक्त सेल्फ मारण्याच्या जोराची. उभ्या गाडीचं अलार्म आणि कॉम्प्युटर ३० मिलीअँपिअर ओढत असतील तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात. १२ वाली सोळा दिवसांत रिकामी. गावी गणपतीला रेल्वेने जाणाऱ्यांनी हे गणित करून मगच ठरवावं. अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडी गरम असताना मल्टिमीटरने तपासा. तो १४.६ च्या वर जात असेल तर बॅटरीतलं संरक्षक सर्किट मधेच तोडून टाकतं.

घेतलीच तर लक्षात ठेवा की तिचा डबा लहान असतो आणि मूळ पट्टीखाली तो डुगडुगतो. खाली आणि बाजूंना रबराचे ठोकळे घालून पट्टी आवळा, प्लसच्या टोकावर टोपण बसवा. ट्रॅकवर तपासणी करणारा माणूस बोनेट उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरी हाताने हलवून पाहतो.